नात्याचे स्वरूप स्पष्ट करावे

लिफ्टमधल्या अनोळखी माणसापुढे मन मोकळं करू नये, हे शहाणपण तिला जरा उशिराच सुचलं.

"तिसऱ्यांदा अर्ज परत!" ती फणकारली. "या निधीच्या कचेरीत कोणी शेरेबहाद्दर बसलाय. देव अक्कल वाटत होता तेव्हा चाळण घेऊन गेला असणार!"

"चाळण नाही… फाईल घेऊन गेलो होतो," दार धरत तो म्हणाला. "या, माझ्या कचेरीत बसा."

धरणी दुभंगावी तर लिफ्टमध्ये धरणीही नव्हती!

ती मुलांच्या दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट. सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या मुलांच्या फुप्फुसांत चिकट कफ साठतो. छाती-पाठ रोज थोपटून तो सोडवावा लागतो. कोणती पद्धत जास्त गुणकारी, यावर तिला संशोधन करायचं होतं आणि लांबलांबच्या दवाखान्यांतल्या नर्सना ते काम शिकवायचं होतं. तिकडे शिकलेलं कोणी नसल्यामुळे थोडी बरी करून पाठवलेली मुलं पुन्हा धापा टाकत परत यायची. आणि या गृहस्थांचा शेरा काय? 'थोपटणे सर्वांना येते. प्रशिक्षणाची गरज स्पष्ट करावी.'

"तुम्हाला येतं ना? मग उद्या वॉर्डात येऊन थोपटून दाखवा."

तो खरंच आला. तिनं त्याच्या मांडीवर उशी ठेवली. चट्! चट्!

"अहो, झुरळ मारताय का? तळहात खोलगट करा… पाणी धरल्यासारखा." वैतागून तिनं स्वतःच त्याची बोटं जुळवली, मनगट सैल केलं… आणि हात सोडायचं विसरली.

"आता?" त्यानं हळूच विचारलं.

"आता… थोपटा की!"

उशीतून छान पोकळ आवाज आला. तो इतका खुश होऊन हसला की तिचा राग कुठल्या कुठे पळाला. याचाच तिला जास्त राग आला.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. 'पाहणी' म्हणे! उशीवरून बाहुलीवर, बाहुलीवरून नर्सबाईंच्या पाठीवर त्याची प्रगती झाली. निधीचं मात्र नाव नाही. शेवटी तिचा संयम सुटला.

"शेरेबहाद्दर, मंजूर करणार आहात की नाही?"

"मी नाही करू शकत. फाईल आमच्या वरिष्ठ मॅडमकडे दिली. अर्जदाराशी नातं असेल तर तसं लिहून बाजूला व्हावं लागतं… नियम आहे."

"नातं? मी तुमची कोण लागते? मला न विचारता लिहून दिलंत?"

"विचारायचं धाडस नव्हतं. लिहायची सवय आहे." त्याचे कान लाल झाले होते. "मॅडमनी आज निधी मंजूर केला. संशोधनाचा आणि प्रशिक्षणाचाही… पूर्ण."

तिचे डोळे भरून आले. आता लांबच्या पोरांना घराजवळच कोणीतरी थोपटणार होतं.

"फक्त… माझ्या कागदावर मॅडमचा एक शेरा आहे."

"आता आणखी काय?"

"'नात्याचे स्वरूप स्पष्ट करावे.'"

मग तिनं कपाळावर हात मारला आणि तोच हात त्याच्या हातात दिला. त्याचा तळहात आपसूकच खोलगट झाला.

"लिहा," ती म्हणाली, "'अर्जदाराचा होकार आहे.' आणि यावर एका अक्षराचा जरी शेरा मारलात ना… तर याद राखा!"