उघडं फाटक

दत्तोपंत दिवेकर मेले होते, पण त्यांची आगगाडी चालूच होती.

फौजदार हरेश्वर चौलकर दारातच थबकले. माजघरभर रूळ मांडलेले. मधोमध चाकाच्या खुर्चीत म्हातारा, मान मागे पडलेली, बोटं सदऱ्याच्या गळ्यात अडकलेली. आणि त्याच्याभोवती वीतभर लांबीचं इंजिन एकटंच गरगर फिरत होतं. त्याचा डबा मात्र बाजूच्या रुळावर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा होता. डब्यात कापसावर काचेच्या कुप्या होत्या. एकही फुटलेली नव्हती.

"छातीत कळ आली की फोडून हुंगायच्या," पुतण्या मोरू म्हणाला. "हाताशी ठेवा, म्हणून डॉक्टरांनी किती बजावलं! काका म्हणाले, माझ्या हाताशी बटण आहे, तेवढं पुरे."

वा रे पुरे! औषध तिकडे उंबऱ्यापाशी आणि म्हाताऱ्याला पाय नाहीत. रेल्वेत सिग्नलचे साहेब होते, तेव्हाच रुळांत दोन्ही गेले. मग दत्तोपंत श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीत येऊन बसले, विलायतेहून ही गाडी मागवली आणि राहत्या घराचं स्टेशन करून टाकलं. खुर्चीला बटणांची फळी, फळीखालून तारा, तारांच्या टोकाला बॅटरी. एका बटणाने सिग्नल पडे, एकाने फाटक हले, एकाने स्वयंपाकघरात घंटी वाजे, एकाने डब्याचा आकडा सुटे. गावचे लोक बघायला येत आणि तोंडात बोट घालत. घरच्यांना मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता.

अंगणात गलका झाला. हवालदार दादूने नीराबाई कोळणीच्या हातांना काढण्या बांधल्या होत्या. ती या घरी वरकामाला होती. तिची लहानगी केसर उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली, आईच्या लुगड्याला धरून भोकाड पसरून रडत होती. तेवढ्यात दत्तोपंतांच्या दुसरेपणाच्या पत्नी सत्यवतीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी पोरीला उचलून कडेवर घेतलं. दिवेकरांच्या घरची बाई, आणि कोळ्याचं पोर कडेवर! शेजारणी पदराआड कुजबुजल्या.

"काल तू मालकांना काय बोललीस?" फौजदारांनी नीराबाईला विचारलं.

"तडफडून मरशील, बोलले. व्हय, बोलले! पोरीचा हात चुलीत गेला, सायेब, आणि हा मेला फाटक पाडून हसतो. गाडी जाऊ दे, मंग जा, बोलतो! मी लाथेनं उडवलं फाटक आणि धावले. म्हणून मला कामावरून काढली."

"मग आज दुपारी परत का आलीस?"

"माझी पाटी ऱ्हायली होती. मागल्या दारात होती ती उचलली नि गेले. आत पाऊल न्हाय टाकलं."

"बाई म्हणतात, तू माजघरातून बाहेर आलीस."

नीराबाई वळली. "बाई, असं नका हो बोलू. माझी पोर हाय."

सत्यवतीबाईंचा आवाज हलला नाही. "मी विहिरीवर देवाची भांडी घासत होते. परत येताना हिला पाहिलं. पाहिलं ते सांगितलं."

फौजदारांनी मागल्या दारातून डोकावलं. विहिरीच्या कट्ट्यावर तांब्या, पळी, ताम्हन लखलखत होतं. बाजूला पिळून टाकलेली आमसुलं. काल सगळ्यांदेखत शिव्याशाप, आज मालकिणीची साक्ष. कोळणीच्या गळ्यात फास बसायला एवढं पुष्कळ होतं, हे फौजदारांना पक्कं ठाऊक होतं. आणि नीराबाईलाही.

ते परत माजघरात आले. मोरू इंजिन थांबवायला वाकला होता.

"थांब. ते फाटक वर का आहे रे?"

मोरूने पाहिलं आणि तो चपापला. उंबऱ्यापुढच्या फाटकाची दांडी ताठ उभी होती. "असं कधी होत नाही, साहेब. गाडी धावतेय तोवर फाटक खाली, आणि फाटक खाली तोवर कुणी रूळ ओलांडायचा नाही. काकांचा कायदा! एकदा काकू उकळत्या आमटीचं पातेलं घेऊन त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. हातातलं फडकं निसटलं, तळवे भाजले, पण काकांनी दांडी उचलेपर्यंत त्या हलल्या नाहीत."

"नीरानं काल मोडलं ना ते?"

"मी रात्रीच दुरुस्त केलं. सकाळी ठीक चालत होतं."

"घंटी वाजव बघू."

मोरूने बटण दाबलं. स्वयंपाकघरात चिडीचूप. पण बाजूच्या रुळावर बारीकसा टक् असा आवाज झाला आणि डब्याखालची पट्टी वर उचलली गेली. मोरूने गडबडून दुसरं बटण दाबलं, डब्याचा आकडा सोडायचं. घंटी खणखणली.

"अरे देवा! तारा उलट्या लावल्यात कुणीतरी!"

"कळ आली की काका काय करत?"

"आधी घंटी. गाडी येतेय, वाट मोकळी ठेवा, म्हणून. मग डबा जोडलेली गाडी खुर्चीकडे सोडायची."

"म्हणजे त्यांनी घंटी म्हणून दाबलं आणि आपल्याच हातानं औषधाच्या डब्याचा आकडा सोडला. इंजिन आलं ते मोकळं." समोर कुप्या दिसतायत, छाती फुटतेय, आणि इंजिन आपलं फेऱ्या घालतंय. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये! "घंटी शेवटची नीट कधी वाजली?"

"सकाळी चहाला. मग काकांना मी उचलून न्हाणीघरात नेलं. अंघोळ घातली, आणून बसवलं आणि वाडीत गेलो. जेवायला आलो तो हे असं."

फौजदारांनी फळी उलटी केली. पितळी स्क्रूंवर हिरवा गंज चढला होता. दोनच चकचकत होते.

"खाऱ्या हवेनं हिरवं चढतं," मोरू म्हणाला. "मग वीज पुढे जात नाही. मी घरात रोज त्याच नावानं ओरडत असतो."

"तू कशानं साफ करतोस?"

"काचकागदानं."

काचकागदाचा एकही ओरखडा नव्हता. फौजदारांनी बोट लावलं तर चिकट लागलं. त्यांनी ते जिभेला लावलं. आंबट.

ते अंगणात आले. "नीराबाई, या घरची भांडी कशानं घासतेस?"

"राखेनं, सायेब."

"आणि देवाची?"

"ती मला शिवू देत न्हाईत. बाई सोता घासतात."

फौजदार सत्यवतीबाईंकडे वळले.

"सकाळी घंटी ठीक वाजली, म्हणजे तारा त्यानंतर बदलल्या, दत्तोपंत अंघोळीला गेले आणि खुर्ची रिकामी झाली तेव्हा. नीरा कालच गेली होती, ती परत आली दुपारी. मोरू न्हाणीघरात होता. माजघरात जाऊ शकत होतं असं एकच माणूस उरतं. गंजलेल्या स्क्रूला तार लावून भागणार नाही, हे तुम्ही मोरूकडून रोज ऐकत होतात. म्हणून साफ केलेत. हाताला सवय होती त्यानंच केलेत, आमसुलानं. पण भांडं घासल्यावर धुता येतं, बाई. विजेच्या तारेवर पाणी कसं ओतणार? आंबट तसंच राहिलं."

"नीरा आत गेली होती," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"मग फाटक कुणासाठी उघडलं? म्हाताऱ्यानं मरताना गाडी चालू ठेवून फाटक वर केलं. उंबऱ्यात त्याला कुणीतरी उभं दिसत होतं. नीरा असती तर तिला फाटक कशाला उघडायला हवं? ती कालच लाथ मारून गेली. उघडल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, असं या घरात तुमच्याखेरीज कोण आहे?"

सत्यवतीबाईंनी केसरला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. पदरातून भाजलेला तळवा दिसला.

"लग्न झाल्यापासून त्यांनी मला घंटीनंच बोलावलं," त्या म्हणाल्या. "आज घंटी वाजेना, तेव्हा तोंडानं हाक मारली. 'सत्यवती, ये गं,' म्हणाले. फाटक वर केलं. कानाला गोड लागलं हो! आणखी एकदा हाक मारतील, म्हणून उभी राहिले."

"मारली?"

"पुष्कळदा. मग आवाज बसला."

फौजदारांना त्या म्हाताऱ्याचा राग आला होता, आणि या बाईची कीवही. पण दादूच्या हातातली काढणी त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"आणि ही नीरा? हिनं तुमचं काय वाकडं केलं होतं? ही फासावर गेली असती!"

सत्यवतीबाई केसरच्या हातावरची चिंधी नीट करत होत्या. "गेली असती तर पोरीला मी सांभाळलं असतं," त्या म्हणाल्या. "मला मूल नाही."

दादूने घाईघाईने गाठ सोडली. नीराबाईने झेप घेऊन त्यांच्या कडेवरची पोर ओढून घेतली आणि ती अंगणातून कोळीवाड्याच्या वाटेने पळत सुटली.