शेजारचं पान

सन १९२६. मार्गशीर्षातली कडाक्याची थंडी. सदलग्याचा जोतिराम पोरासाठी औषध न्यायला बेळगावात आला होता. त्याचा भरमू महिनाभर अर्ध्या जेवणावरच ताट सारत होता. "पुढं घास जात न्हाय," एवढंच म्हणायचा. पोराच्या बरगड्या निघाल्या होत्या. जोतिरामाचे वडील मारुतीराव असेच अर्धपोटी खंगून गेले. त्यांची एक ताकीद होती, बेळगावात जेवायचं नाही. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही.

औषधाची बाटली हाती आली तोवर ऊन माथ्यावर आलं होतं. बेळगावच्याच शहापूर पेठेत एका खानावळीतून भाकरीचा खमंग वास येत होता. ताकीद त्याला पाळवेना. तो आत शिरला.

खोली अंधारी. भिंतीकडेला पाट मांडलेले, पण गिऱ्हाईक एकही नाही.

"कुठलं म्हणायचं?" म्हाताऱ्या मालकिणीने, गुणाबाईने विचारलं.

"सदलगा. मारुतीरावांचा जोतिराम."

तिच्या हातातला तांब्या थबकला. "लई उशीर केलासा," ती म्हणाली. मग शेजारी-शेजारी दोन पानं मांडून तिने दोन्ही वाढली.

"दुसरं कुणाचं, आक्का?"

"जेवा आधी."

अर्धं पान झालं तेव्हा फिनेलचा उग्र वास आला. मग डाव्या खांद्याला धग लागली. चूल तर आतल्या खोलीत होती. त्याने वळून पाहिलं. पाट रिकामाच होता, पण पानावरच्या भाकरीची कोर मोडली होती.

त्याने उठायला हात टेकला.

"उठू नगा!" गुणाबाई कुजबुजली. "प्लेगच्या साली तुमचं आप्पा हितंच बसलं हुतं. शेजारच्याला ताप भरला, काखंत गाठ दिसली... आप्पा अर्ध्या पानावरनं पळालं. पंगत मोडली. त्यो पानावरच गेला. जोडीदाराचं जेवान झाल्याबिगर त्यानं तरी उठावं कसं? आता तुमीबी उठलासा तर..."



जोतिरामाला भरमूच्या बरगड्या दिसल्या. तो बसून राहिला.

त्याने घास उचलला की शेजारच्या पानावरचा घास उठे. सावकाश चावण्याचा आवाज येई. तापलेला खांदा त्याच्या खांद्याला चिकटला होता. जोतिराम एकेक घास ताकाबरोबर खाली ढकलत होता. शेवटचं शीत त्याने बोटाने टिपलं.

शेजारी ढेकर आली. पाट सरकला.

गुणाबाईने मोरीवर त्याच्या हातावर पाणी घातलं. मग बाजूला, मोकळ्या जागी धार धरली. पाणी सरळ पडलं नाही. पाच बोटांतून गळावं तसं गळलं.

मोटार धरून दिवेलागणीला तो घरी पोचला. बाटली अजून पिशवीतच होती. भरमूचं ताट लख्ख पुसलेलं, पण पोर हात वाळवत बसलं होतं.

"ऊठ की रं."

भरमूने शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं.

"उठतो, आप्पा. शेजारी जेवायला बसायचं ते आत्ता उठलं. म्हणालं, झालं माझं, तूबी ऊठ आता."