अर्धी ओळ

देवपुरात माझं टायपिंगचं दुकान आहे. तक्रारीला, अर्जाला जोडायचे मोबाईलचे स्क्रीनशॉट लोक आणतात, मी कापून-सवरून छापून देते. वरची बॅटरीची पट्टी काढायची, खाली अर्धी ओळ ठेवायची नाही. माझ्या मैत्रिणीला, दीपमालाला, हे मीच शिकवलं. पण अर्धी ओळ ठेवायची तिची खोड काही गेली नाही.

म्हणूनच सोनगीरच्या प्रेमराजनं माझ्याशी ठरलेलं लग्न मोडताना पाठवलेला स्क्रीनशॉटचा फोटो मी लगेच ओळखला. दीपमालाला मी लिहिलेलंच वाक्य होतं ते. "घरचे मागे लागले म्हणून हो म्हटलं." पुढचं कापलेलं. खाली अर्ध्या ओळीच्या नुसत्या वेलांट्या.

माझा जुना फोन नऊ तारखेला हौदात पडून मेला. वीसला नवा घेतला, त्यावरच हा फोटो आला; पण जुन्या गप्पा गेल्या त्या गेल्याच.

फोटो आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो परत उघडला, तर खालची ओळ पूर्ण होती. "पण भेटले आणि पटलाच गं, वेडी झालेय!" माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. तसाच प्रेमराजला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "परत तेच कशाला पाठवतेस?"

आता पुऱ्या गप्पा दीपमालाच्याच फोनात होत्या. मी तिच्या गच्चीवर गेले. ती ज्वारीच्या पिठाचे बिबडे, पापडासारखे, थापत होती.

"काय वाईट केलं होतं गं मी तुझं?" माझा आवाज फाटला. "पहिलीपासूनची मैत्रीण तू!"

ती थापणं सोडून वळली. "उषा, तूच सांगेल व्हतं ना माले."

"खोटारडी!"

"आईची शपथ. मी कारणही विचारलं तुला."

तिच्या तोंडावर मारायला मी फोटो उघडला. तो आणखी लांब झाला होता.

माझं नाव. चौदा तारीख. "पहिली ओळ तेवढी ठेव, खालचं काप. प्रेमराजला पाठव."

दीपमालाचं उत्तर. "पण का गं?"

चौदाला माझा फोन कपाटात मेलेला पडला होता.

"तुझा फोन कुठंय?" मी विचारलं.

"खाली. चार्जिंगला."

फोटोच्या तळाशी अर्धी ओळ होती. माझ्या डोळ्यांदेखत ती भरली. माझंच नाव. आजची तारीख, अकरा चाळीस.

"आता खालचं काप. ती वाचतेय."

घड्याळात अकरा चाळीसच झाले होते.

दीपमालाचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते.

फोटो खालून कापला गेला. पहिलं वाक्य तेवढं राहिलं.

या वेळी खाली अर्धी ओळ नव्हती. कड अगदी साफ होती, मी कापते तशी.