अजून गार आहे

ताई घरातल्या पुढच्या खोलीत जलरंगाचे क्लास घ्यायची. धाकटा भाऊ गॅरेजमध्ये टायर काढायचा. शाळेशी त्याचं कधी जमलं नाही, आणि धीराशी तर त्याहून नाही. ती त्याला धांदल्या म्हणायची. एकदा हट्टाने तिने त्याला आरशासमोर बसवलं.

"स्वतःचं तोंड काढ. फुकटचा मॉडेल आहे, चहाही मागत नाही."

त्याने रंगाचा पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारला. रंग एकमेकांत घुसले.

"अरे, हे तोंड आहे की चिखलात बसलेली म्हैस?" ती पोट धरून हसली. मग तिने त्याचा हात उलटा करून कागदाला टेकवला. "मागची बाजू लाव. गार लागला तर अजून ओला. थांबायचं. आणि डोळे शेवटी. त्यातला पांढरा ठिपका रंगवायचा नसतो, कोरा सोडायचा असतो."

मग ती आजारी पडली, आणि शिकणं तिथेच राहिलं.

वॉर्डात आयाबाई तिच्या तोंडावर चादर ओढत होत्या, तेव्हा त्याने उलटा हात तिच्या कपाळाला लावला.

"थांबा," तो म्हणाला. "गार आहे... म्हणजे अजून ओली आहे. थांबा ना!"

आयाबाईंनी त्याचा हात बाजूला केला, आणि चादर ओढली.

क्लासची पोरं आठवण म्हणून तिचे ब्रश घेऊन गेली. एक उरला. पुढच्या खोलीला कडी लागली. आई जेवेनाशी झाली. एका सकाळी ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मला तिचं तोंड आठवत नाही रे."

ताईला फोटोचा तिटकारा होता, घरात तिचा एकही नव्हता. पण दोघं भावंडं एका साच्यातली, हे सगळेच म्हणायचे. आपलं तोंड नीट काढलं तर त्यात ती सापडेल, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. सुट्टीच्या दुपारी त्याने मधल्या खोलीत आरसा मांडला. पातळ रंगाचा पहिला हात दिला, हनुवटीवरचा जुना व्रण काढला, डोळ्यांची जागा कोरी सोडली. आणि जन्मात पहिल्यांदा थांबला.

कागद गार होता.

संध्याकाळीही गार. दुसऱ्या दिवशी त्याने कागद लावलेली फळी पत्र्यावर उन्हात ठेवली. पत्र्याने हात भाजला, कागद गारच. गॅरेजमधून गरम हवेचं यंत्र आणून फिरवलं. कागदाची कड पिवळी पडली, पण गालावर उलटा हात टेकवला की तोच गारवा... वॉर्डातला. खोलीत ओल्या कागदाचा वास भरून राहिला. तो आता कामावरही जाईना.

आई दारात येऊन उभी राहिली. "हिला कधी काढलीस?"

"आई, हा मी आहे."

"मग व्रण कुठाय तुझा?"

त्याने पाहिलं. व्रण काढल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. त्या जागी नितळ, फिकट रंग होता. आई मात्र त्या दिवशी जेवली. चित्रासमोर बसून, दोन घास जास्त. ते बघून पुसायला उचललेला बोळा त्याने खाली ठेवला.

पुढे त्याला हुडहुडी भरू लागली. भर दुपारी दोन चादरी घेऊन तो फळीपाशी बसे.

आणि एके दिवशी, ऊन उतरताना, कागद कोमट लागला. ताप उतरलेल्या माणसाच्या गालासारखा.

"ताई..." तो पुटपुटला. डोळे भरायला त्याने ब्रश उचलला, आणि हात तसाच राहिला. डोळे आधीच भरलेले होते. काळेभोर. प्रत्येकात एक ठिपका कोरा, इतका नेमका सोडलेला, की तिच्याशिवाय कुणाला जमला नसता.

आई आत आली. तिने उलटा हात कागदाला लावला. कितीतरी दिवसांनी ती हसली.

"वाळली."

मग तोच हात तिने त्याच्या गालाला लावला, आणि चटकन मागे घेतला.

"आई? काय झालं...?"

ती कडी लावलेल्या खोलीकडे वळली, आणि जेवायला बसलेल्या लेकीला सांगावं तसं म्हणाली, "थांब गं जरा. हा अजून गार आहे."

दारापलीकडे काचेच्या ग्लासात कुणीतरी ब्रश खळखळून धुतला, आणि काठावर दोनदा आपटला. टिंग... टिंग.

घरात ब्रश एकच होता. तो त्याच्या हातात होता, कोरडा.