कळंब्याची डिश आणि पंधरा झोत

"माफीनाम्यावर मी सही करणार न्हाय," सोनम कांबळे दारातूनच म्हणाली. "चार वाजता क्रेन येणार हाय, डिश उतरवायला. त्याच्या आत चोर शोधा."

"चोरीला काय गेलंय?" कृष्णात चौगुलेनं वही उघडली. संयोगिता सरनोबतांच्या तपास कचेरीत लिहून घ्यायचं काम त्याचं. समजून घ्यायचं काम बाई स्वतः करत.

"माझा खरेपणा."

कृष्णातनं 'अंदाजे किंमत' हा रकाना मोकळा सोडला.

हकीकत अशी. सोनम कळंब्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, आणि तिथल्या गच्चीवर तिनं स्वतः जोडलेली, आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी डिश होती. महिन्यापूर्वी एका सोमवारी, अकरा वाजून बारा मिनिटांनी, डिशनं एक झोत पकडला. पापणी लवायच्या आत संपलेला, दूरच्या दीर्घिकेतून आलेला रेडिओ लहरींचा स्फोट. तिनं तो जाहीर केला, पेपरात फोटो आला. मग तसेच आणखी चौदा झोत आले, सगळे अकराच्या सुमाराला.

"विश्व कोल्हापूरच्या चहाची वेळ पाळतंय," असं विभागप्रमुख विजयसिंह इंगवले म्हणाले आणि सगळं कॉलेज हसलं.

इंगवले सर तालमीतले. खुर्चीत मावत नव्हते, आणि ती खुर्चीची चूक आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"सरळ हाय, पावणं," कॉलेजात गाठल्यावर ते कृष्णातला म्हणाले. "स्टाफरूममधला मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना दार उघडलं की असाच झोत सुटतो. परदेशात भलेभले फसलेत. हिनं नावासाठी मुद्दाम केलंय. माफीनाम्यावर सही न्हाय केली तर चारला डिश खाली."

"तुम्ही ओव्हन वापरता?" संयोगिताबाईंनी विचारलं.

"मी? कोरा चहा पितो. दूध डॉक्टरांनी बंद केलंय."

ओव्हनमधल्या काचेच्या ताटलीवर पिवळसर खपली धरली होती. बाईंनी ती नखानं खरवडून पाहिली. कृष्णातला वाटलं, स्वच्छतेबद्दल बोलतील. बाईंनी नख नाकाशी नेलं.

स्वप्नाली मॅडम शेजारच्या टेबलावर पेपर तपासत होत्या. "मी रोज भाजी गरम करते, अकरालाच. सर वाडीला दत्तदर्शनाला गेले होते त्या गुरुवारीसुद्धा केली. आणि सरांचे डॉक्टर म्हणजे त्यांच्या मिसेस बरं का. घरी भलत्या कडक आहेत."

शिपाई सयाजी जिन्यात भेटला. "सोनमबाई ओव्हनला हात लावत न्हाईत. भाकरी गारच खात्यात. मी वडा गरम करतो, कवातरी."

"त्या पहिल्या सोमवारी केला?"

"कुठला! दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट न्हवती की. पेपरानं वारा घेत बसलतो. तिची डिश तेवढी चालू, सोलर बॅटरीवर."

"गेटावर शेण कसलं?"

"म्हैस येती रोज. समोर धार काढून देत्यात."

"घेतं कोण?"

सयाजी छताकडे बघू लागला. छतावर काहीच नव्हतं.

तीन वाजता बाईंनी सगळ्यांना स्टाफरूममध्ये बसवलं. सोनमच्या लॅपटॉपवर डिशची रेघ सरळ धावत होती. खाली तासभर आधीच आलेला क्रेनचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

स्वप्नाली मॅडमनी भाजी ठेवली, 'टिंग' झाल्यावर काढली. सयाजीनं वडा ठेवला, घाई झाली तशी बटण बंद केलं, मग दार उघडलं. रेघ ढिम्म हलली नाही.

"आता सर," म्हणत बाईंनी काठोकाठ दुधाचा ग्लास पुढं केला. "म्हशीचं आहे."

"मी कशाला?"

"घाबरताय व्हय?" सोनम म्हणाली.

तालमीतल्या माणसाला हे विचारायचं नसतं. सरांनी ग्लास ठेवला, बटण दाबलं. काचेपलीकडं साय थरथरली, दूध वर चढलं आणि सरांचा हात आपसूक गेला. दार खाडकन उघडलं.

लॅपटॉपवर रेघेनं उडी मारली.

"दारात म्हैस असलेल्या घरात वाढलेला माणूस दूध उतू जाताना टिंगची वाट बघत नाही," संयोगिताबाई म्हणाल्या. "ताटलीवरची खपली दुधाची होती. भाजीची नाही, वड्याची नाही. सर वाडीला गेले त्या गुरुवारी मॅडमची भाजी गरम झाली, सोनमही हजर होती, पण तिच्या नोंदीत त्या दिवशी एकही झोत नाही. गेटावरच्या म्हशीचं दूध तुम्हीच घेता, सर, आणि थंडी पडेपर्यंत धारोष्णच घेत होता. मग गरम करायला लागलात. परदेशातल्या ओव्हनची गोष्ट वाचली तेव्हाच तुम्हाला कळलं, दार कोण उघडतंय. पण कबूल केलं तर घरी कळणार."

"म्हंजे एका ग्लासासाठी पोरीला खोटं पाडलं?" कृष्णात मोठ्यानं म्हणाला. हे त्याला पटकन समजलं होतं.

सर खोलीतल्या कुणाकडंच बघत नव्हते. "चौदा माझे," ते शेवटी पुटपुटले. "मग पहिलाही ओव्हनचाच."

"पहिला सोमवारचा," बाई म्हणाल्या. "लाईट नव्हती. ओव्हन बंद, पंखा बंद. चालू होती ती फक्त डिश."

मग सरांनी मान वर केली. "मग आला कुठनं? ते सांग की! कसला तारा, कसला स्फोट?"

सोनमनं माफीनामा उचलला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं: सोमवार, ११.१२.

"मेलेल्या ताऱ्याचं चुंबक असंल, आणखी काही असंल," ती म्हणाली. "जगात अजून कुणालाच पक्कं ठाऊक न्हाय, सर. म्हणून तर डिश हलणार न्हाय."

आणि ती खिडकीशी जाऊन क्रेनवाल्यावर ओरडली, "ओ पावणं, गाडी मागं घ्या!"