अर्जुनराव सरांची सात मिनिटं

सुकन्या मॅडमनी वैजनाथला दहाला बोलावलं होतं. तो आपल्या शिरस्त्याप्रमाणे अकरा वीसला पोचला.

काम तसं किरकोळ. लातूरच्या त्या क्लासचा स्टुडिओ नवाकोरा होता: डिजिटल फळा, तीन कॅमेरे, एक माईक, आणि काचेअलीकडच्या खोलीत ही सगळी यंत्रं एकमेकांना जोडणारे, लुकलुकणारे दोन नेटवर्क स्विच. बाराला चार हजार पोरं मोबाईलवर मॅडमचा पहिला थेट तास बघणार होती. चित्र आणि आवाजाचा मेळ बसवणं वैजनाथकडे होतं.

“आज घोळ झाला तर उद्यापासून येऊ नको,” मॅडम म्हणाल्या आणि काचेपलीकडं जाऊन बसल्या.

मॅडम म्हणजे हा क्लास काढणाऱ्या अर्जुनराव सरांची लेक. सर जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचा फोटो वैजनाथच्या डोक्यावरच होता, आणि त्याच खिळ्याला त्यांचं चावीचं घड्याळ. सर ते मुद्दाम सात मिनिटं पुढं ठेवायचे. त्यामुळे वेळेवर आलेलं पोरगंही उशिराच ठरायचं. मग वाकून अंगठे धरायचे, पाठीवर लाकडी डस्टर ठेवलेलं. वैजनाथची अकरावी-बारावी जमिनीकडे बघण्यातच सरली होती.

या यंत्रांचं घरासारखं असतं. सगळ्यांनी एकाच वडीलधाऱ्या घड्याळाचं ऐकायचं. त्याला मास्टर म्हणतात. ज्याचा नंबर लहान, त्याचा मान मोठा. वैजनाथनं स्टुडिओसाठी आणलेल्या नव्या डिजिटल घड्याळाला दहा नंबर दिला आणि स्विचवरची घड्याळांची यादी उघडली. मास्टर भलताच होता. नंबर शून्य. नावाची जागा कोरी. वेळ सात मिनिटं पुढं.

त्यानं एकेक वायर उपसून पाहिली. शून्य जागचं हललं नाही. वर बघितलं, तर तीन वर्षं चावी न मिळालेलं घड्याळ टिकटिकत होतं. खोलीत खडूचा वास सुटला...

तेवढ्यात मॉनिटरवर मॅडम टेबलावर सांडलेला चहा पुसताना दिसल्या. काचेपलीकडं टेबल कोरडं होतं. सात मिनिटांनी चहा आला आणि सांडला.

“मॅडम... स्विचला सरांचं घड्याळ लागलंय.”

“कोणत्या वायरनं?”

“वायर न्हाई.”

“मग काढून टाक की! काय करायलास तू आल्यापासून?”

अकरा एकावन्नला मॉनिटरवर वैजनाथला स्वतःचीच पाठ दिसली. फोटोसमोर वाकून अंगठे धरलेली. तो चिडला. तीस वर्षांचा बाप्या, घरी दोन लेकरं! मरण आलं तरी वाकणार नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि आणखी सहा मिनिटं स्विचशी झुंजला. शून्य ते शून्यच. नोकरी डोळ्यांसमोरून चालली होती.

अकरा अठ्ठावन्नला तो मुकाट्यानं वाकला.

“सर... चुकलं. लई उशीर झाला.”

पाठीवर काहीतरी जड, लाकडी अलगद टेकलं. ते उचललं गेलं तेव्हा यादीतलं शून्य गेलं होतं. बाराच्या ठोक्याला तास सुरू झाला, ओठ आणि आवाज हातात हात घालून.

तास संपल्यावर मॅडम खुशीत बाहेर आल्या. “जमलं बघ! पण शर्टाला मागं खडू कुठला? सर गेल्यापासून इथं खडूच न्हाई.”

वैजनाथनं विषय टाळला. “उद्या किती वाजता येऊ?”

मॅडमनी तोंड उघडायच्या आत त्याच्या गळ्यातला हेडफोन खरखरला. माईक बंद होता.

“दहाला,” तो आवाज म्हणाला. “माझ्या घड्याळात.”