सगळ्यात वेगवान दर्जा

हॉस्पिटलचे स्कॅन क्लाउडवर नीट साठवणं, एवढंच माझं काम. साठवणीचे तीन दर्जे होते: संथ, मध्यम, वेगवान. मी काटकसर म्हणून मध्यम घेतला आणि ताईच्या शिव्या खाल्ल्या. ताई माझी सख्खी थोरली बहीण, तिथल्याच अपघात विभागात डॉक्टर.

"एक स्कॅन उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. तुझ्या ढगातून फोटो येईपर्यंत पेशंटच ढगात जायचा!"

तिचं खरं होतं. साहेबांच्या नाकदुऱ्या काढून मी सोमवारी सगळ्यात वेगवान दर्जा सुरू केला. क्लिक केलं की स्कॅन हजर. मी खूश.

दुपारी ताईचा फोन आला. "डोक्याचा स्कॅन आलाय. पेशंट कुठाय?"

"मशीनवाल्यांना विचार."

"विचारलं. सकाळपासून मशीन दुरुस्तीला उघडून ठेवलंय."

मी सर्व्हर तपासला, घड्याळं जुळवून पाहिली. सगळं चोख. मशीन सुरू झालं आणि अँब्युलन्स आली. आतल्या रंगाऱ्याचा स्कॅन काढला, तर कवटीची भेग तीच, आधी आलेल्या स्कॅनमध्ये होती तिथेच. ताईने ऑपरेशनची तयारी आधीच करून ठेवली होती, म्हणून तो वाचला.

मी वेगवान दर्जा बंद करायला निघालो. ताई मात्र शांत होती. "कसं, का, ते नंतर बघू. त्याला हात लावू नकोस."

बुधवारी, ती अजून घरून निघायची होती, तेव्हा माझ्या पडद्यावर एक स्कॅन येऊ लागला. डोक्याचे काप, म्हणजे थराथराची चित्रं, एकामागून एक उमटत होते. डाव्या कानाच्या वर धातूची छोटी पट्टी. लहानपणी ताई झोपाळ्यावरून पडली, तेव्हा बसवलेली. पट्टीखाली पांढरा डाग. स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं, हे तिनेच मला शिकवलं होतं.

मी दर्जा बदलला. सगळ्यात संथ.

काप यायचे थांबले.

ताई आली. धडधाकट. पर्स टेबलावर आपटून म्हणाली, "वेग का काढलास?"

"वरून मंजुरी नाही."

"माणसं मरतील, कळतंय का तुला?"

कळत होतं. त्याच आठवड्यात एक आजोबा फोटोची वाट बघत गेले. पण खरं सांगितलं असतं, तर तिने मला तो दर्जा पुन्हा सुरू करायला लावला असता. ती तशीच आहे. आता ती माझ्याशी बोलत नाही.

तो अर्धा स्कॅन पुसला जात नाही. रोज सकाळी मी आधी तोच उघडतो.

आज त्यात एक काप वाढलाय.